आईच्या नावाचा रकाना

आई,

लातूरच्या टायपिंग क्लासात तू मला रागावलीस तो दिवस सारखा आठवतोय. मी चोरून खाली बघत टाइप करत होते. तू माझ्या हातांवर टॉवेल टाकलास. "बघू नको. बोटायला ठाव हाय." बाकीच्या मुली हसल्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात मात्र कणीक मळता मळता तुझीच बोटं परातीच्या कडेवर चालत राहायची आणि तू कुठला शब्द लिहितेस ते मी ओळखत बसायचे.

आता मी नांदेडला एका कॉलेजच्या कार्यालयात आहे. दाखले आता कुणी टाइप करत नाही. वर्डमध्ये एक नमुना आहे, नावांच्या जागा मोकळ्या. मी लिहिलेला प्रोग्राम एक्सेलमधली नावं उचलून तिथं बसवतो. चहा होईपर्यंत अख्ख्या वर्गाचे दाखले तयार. चाचणी घेताना आईच्या नावाच्या जागी मी तुझं नाव घातलं होतं. दुसरं कुठलं सुचणार? ते काढायचं राहून गेलं.

मागच्या आठवड्यात चाकूरकडची एक मुलगी दाखला घेऊन खिडकीशी आली. "मॅडम, ही बाई कोण हाय?"

कागदावर तिचं नाव, आणि आई म्हणून तू. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तू सहीशिक्क्याच्या ताज्या कागदावर होतीस, एका अनोळखी मुलीची आई होऊन. तिचा रकाना रिकामा होता, म्हणून प्रोग्रामनं चाचणीतलं नाव तसंच ठेवलं होतं.

"आईचं नाव का नाही भरलंस?"

"ती लहानपणीच वारली. घरचे म्हणतेत, दुसऱ्या आईचं लाव. मला लावायचं न्हाई. मग मोकळंच सोडले."

"जन्माच्या दाखल्यावर कुणाचं आहे?"

"तिचंच हाय."

"मग तेच लागतं."

तिनं नाव सांगितलं, फार हळू, बऱ्याच दिवसांत तोंडी आलं नसल्यासारखं. ते मी प्रोग्रामकडून घालून घेतलं नाही, नमुना उघडून स्वतः टाइप केलं. नवा दाखला तिनं उभ्या उभ्याच वाचला, त्या नावावर बोट ठेवून. चुकलेला दाखला फाडावा लागतो. तो फाडताना मी मध्येच थांबले, ते तिनं पाहिलं.

"तुमची आई हाय का ही?"

"हो."

"कुठं असतेत?"

"लातूरला," मी म्हणाले. "टायपिंग शिकवते."

"बरंय मग," म्हणाली आणि गेली. मी तिला परत बोलावलं नाही. हे पत्रही कुठं टाकणार? पण तुला सांगते, त्या संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मलाही ते खरंच वाटत होतं.