वडाभात, तीन ठिकाणी

आई, पूल परत पाण्याखाली गेला आहे आणि मी शाळेच्या क्वार्टरमध्ये अडकून पडले आहे. यात नवीन काही नाही. दर पावसाळ्यात भामरागडच्या नद्या फुगतात, रस्ता तुटतो, भाजीची गाडी येत नाही, आणि आश्रमशाळेतली आम्ही माणसं एकमेकांची तीच ती तोंडं बघत दिवस काढतो. मी इथे आले तेव्हा सगळे म्हणत होते, दोन-तीन वर्षं काढ, मग बदली होईलच. आता माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली आपल्या लेकरांना शाळेत घालायला येतात आणि मला बघून म्हणतात, "मॅडम, तुम्ही अजून इथीच?" बाहेरून येणारे लोक म्हणतात, काय सुंदर जंगल आहे. मला खिडकीतून सागाची भिंत दिसते. पावसाळ्यात ती आणखी दाट होते, आणखी जवळ येते.

अडकलेली मी एकटीच नाही. ताई पुण्यात दोन खोल्यांत आहे. भावजींना पक्षाघात झाल्यापासून ती कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नाही. भाऊ आखातात एका गोदामात कामाला आहे, एका खोलीत पाच-सहा जणांसोबत राहतो आणि करार संपेपर्यंत त्याला सुटी नाही. म्हणून आम्ही फोनवर बोलतो, आणि बोलतो म्हणजे मनातले मांडे खातो. तुला माहीतच आहेत आम्ही तिघं. धानाच्या तणसावर लोळत अख्खी दुपार घालवायचो आणि हाताला काम लागलं की आम्ही धाकटे गायब व्हायचो. "बसल्या बसल्या हवेत रांधता," तू म्हणायचीस. वय झालं, सवय गेली नाही. यंदा भावाच्या डोक्यात आलं की तू गेलीस त्या तारखेला तिघांनी आपापल्या ठिकाणी तुझा वडाभात करायचा, फोन समोर ठेवायचा आणि एकत्र जेवायचं. मग त्याची कल्पना वाढतच गेली. तिघांच्याही पानाला पळसाची पत्रावळ हवी. चुलत भावंडांनाही जोडून घेऊ. पुढच्या महिन्यात बांबूच्या कोंबांची, वास्त्यांची भाजी, मग आंबील. दर महिन्याला एक जेवण. लोक बघतील, आपलं नाव होईल. मी ऐकत होते आणि हो हो म्हणत होते, कारण खिडकीबाहेर पाऊस होता आणि त्या गप्पांत कुठेच पाऊस नव्हता.

अडचण एकच निघाली. वडाभात कसा करायचा ते कोणालाच माहीत नव्हतं. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "मले नाई आठवत. लहानीले इचारा, शेवटी तेच होती आईजवळ." भावानेही तेच धरून ठेवलं. आता मी त्यांना काय सांगू? तुझ्या स्वयंपाकघरात मला उभंसुद्धा राहता आलं नाही. मूल गावाच्या बाजूचं ते आपलं घर, काका-काकूंचा तो गोतावळा, धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर पाठवायच्या जेवणाची टोपली, आणि धुरात तू. मी दाराशी आले की तू वळूनही बघायची नाहीस. "भाईर हो. तुले काय कराचं हाये इथी? पुस्तक घे अन् बस." एकदा मी हट्टाने पाट्यापाशी बसले, डाळीत हात घातला, तर तू माझं मनगट धरून मला उठवलंस, अंगणापर्यंत नेलंस आणि दार लावून घेतलंस. मी किती तरी वेळ बाहेर उभी होते. आतून तुझा वरवंटा ऐकू येत होता. मला वाटलं, हिला मी आवडत नाही.

मग ते स्थळ आलं. नागभीडचे लोक, मुलगा रेल्वेत, बाबांना फार पसंत. मुलाच्या आत्याने चहाचा कप खाली ठेवला आणि सहज विचारलं, "पोरीले सयपाक येते ना?" बाबा हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तू दारातून म्हणालीस, "नाई येत. हे चायबी मीच केली." आत्या हसली. म्हणाली, "शिकन मंग सासरी." तू म्हणालीस, "नाई शिकन. तिले मास्तरीण व्हाचं हाये." पाहुणे उठले, जोडे घालून निघून गेले. बाबा तुझ्याशी किती तरी दिवस बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पुढे मी शिक्षिका झाले, इथे आले, आणि लग्नाचा विषय हळूहळू आपोआप मागे पडला. तुझ्यावरचा माझा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. चुलीपाशी बसू नये म्हणून तू मला जिथे ढकललंस तिथून मला बाहेर पडता येत नाही, एवढं मात्र अशा दिवसांत सारखं मनात येतं.

तर तुझ्या दिवशी रविवार होता. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुलांचं जेवण उरकल्यावर मी तिथल्या स्वयंपाकीणबाईंकडून एक चूल मागून घेतली. त्या माडिया आहेत, मराठी जपून बोलतात. "मॅडम, तुम्ही रांधणार?" त्यांनी दोनदा विचारलं. कोठीत लाखोळीची डाळ होती, ती रात्रभर भिजवली होती. मी ती पाट्यावर घेतली. वरवंटा जड, डाळ सरकते, म्हणून पाणी लावत गेले. लसूण, मिरची, जिरं घातलं. सांबार हवा होता, पण पूल बंद म्हटल्यावर कोथिंबिरीचं पान कुठून येणार? बाई एकदा माझ्याकडे आणि एकदा पाट्याकडे बघत होत्या, आणि शेवटी तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. पहिला वडा तेलात सोडला आणि तो विरघळला. तेलावर डाळीचा फेस पसरला. दुसरा तसाच. मग मी पीठ हातात धरून तशीच उभी राहिले. पन्नाशीला आलेली बाई, आणि चूल मंदावली तर कुठे फुंकायचं तेही कळत नव्हतं.

फोन लागला तेव्हा कढई चुलीवरच होती. आधी भाऊ दिसला. त्याच्या मागे दोऱ्यांवर सगळ्यांचे कपडे वाळत होते. त्याने हरभऱ्याची डाळ मिक्सरमधून काढली होती, आणि त्याचेही वडे फुटले होते. "हे पाय, भजेबी नाई अन् वडाबी नाई," म्हणत त्याने ताट फोनसमोर धरलं, आणि आम्ही इतक्या मोठ्याने हसलो की त्याच्या खोलीतलं कोणीतरी डोकावून गेलं. मग ताई आली. ती चटईवर बसली होती, तिच्यापुढे पत्रावळ मांडलेली, तिने ती कुठून तरी मागवली होती. पत्रावळीवर काही नव्हतं. भावाने आपलं पीठ दाखवायला भांडं तिरपं केलं, तर ते ओघळलं, आणि ताई पटकन बोलून गेली, "पाणी काऊन टाकलं? डाळ वाटताना पाणी लावाचंच नाई. अन् मूठभर डाळ अख्खी ठेवाची, तवा वडा धरते."

मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

ती म्हणाली, "मले सगळंच माईत हाये."

"मग म्हणालीस ना, आठवत नाही?"

ताईने पत्रावळीवर हात फिरवला, जणू त्यावरचे कण झाडत होती. "आठवते म्हटलं असतं त मलेच करा लागलं असतं. मलेच सांगा लागलं असतं, असं करा, तसं करा. मले करून कोण वाढलं कधी? म्हटलं एक दिवस तुम्ही करान अन् मी पाहीन. फोनमधून का होईना."

भावाला वातावरण सांभाळायचं होतं. तो म्हणाला, "आईले किती आवड होती रांधाची, नाई?" आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, "नव्हती. तिला अजिबात नव्हती. म्हणून तर मला तिने आत येऊ दिलं नाही." मला वाटलं, मी तुझ्या बाजूने बोलते आहे. ताईने मान वर केली. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "तुले येऊ देल्लं नाई, बरोबर. पण काम त होतंच ना घरात? तू भाईर गेली की मी आत. तुले पुस्तक घे म्हणे अन् मले म्हणे, मोठी, उठ, डाळ घे. तुही शाळा माह्या हातानं झाली." आतून भावजींनी हाक मारली. ती उठून गेली, त्यांची कूस बदलून दिली असेल, पाणी दिलं असेल. आम्ही दोघं तिच्या रिकाम्या चटईकडे बघत बसलो. एवढ्या वर्षांत मी त्या बंद दाराची एकच बाजू पाहिली होती, आई. त्या दाराआड कोणी दुसरी मुलगी तुझ्याबरोबर धुरात बसली होती हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिचं लग्न लवकर झालं, एवढंच मला ठाऊक होतं.

ती परत आल्यावर तिने भावाला जेवायला बसवलं आणि मला दुसरं पीठ वाटायला लावलं. पाणी न लावता. अर्धी डाळ उरली होती. "हात ओला कर, पिठाले पाणी नको." मी वडा थापला, सोडला, तो धरला. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही मान हलवली. मी गरम भात पत्रावळीवर घेतला, त्यावर दोन वडे कुस्करले, वरून लसणाचं कडकडीत तेल घातलं आणि ती पत्रावळ फोनसमोर धरली. "ताई, घे." ती फोनजवळ वाकली. म्हणाली, "दिसते चांगलं." मी म्हणाले, "पाणी उतरलं की मी येते पुण्याला. तुझ्या घरी तुला करून वाढते." ती हसली. मला सुटी किती मिळते ते तिला माहीत आहे. "ये," म्हणाली. आणि मग, भावाने निरोप घेतल्यावर, तिने विचारलं, "शेवटी शेवटी आई माह्याबद्दल काई बोलली का गं?"

मी तुझ्यापाशी होते, म्हणून मला माहीत आहे तू काय बोललीस. तापात तू एकच विचारत होतीस, चूल विझवली का, चूल विझवली का. आमच्यापैकी कोणाचं नाव तू घेतलं नाहीस. माझंही नाही. हे मी तिला कसं सांगणार? घेतलं होतं म्हणावं, तर ती पुढे विचारेल, काय म्हणाली, आणि तिथे मला तुझा शब्द बनवावा लागेल. तिच्यासाठी तू काय बोलली असतीस? "मोठीले सांग," असं काही? मी खूप शोधलं, पण तुझ्या तोंडी बसेल असं एक वाक्य मला सुचलं नाही. तेव्हा मी मधेच फोन ठेवला. नंतर तिला लिहून पाठवलं की रेंज गेली.

रेंज गेली नव्हती, आई. आजही सकाळपासून पूर्ण आहे. ताईचे दोन फोन येऊन गेले. ते घ्यायला लागू नयेत म्हणून मी तुला लिहायला बसले.