शांताबाईंच्या पानासाठी एक कात्रण

ठाकुर्ली (पूर्व),
रविवार, दुपारी तीन

प्रिय मित्र आनंदा यास,

चांगदेवचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तिकडे तुम्हीही ठीक असालच. गुडघे कसे आहेत? साखर? हेमावहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं (कोणाकडून ते विचारू नकोस, कल्याणात माझी माणसं आहेत). घरातल्या लहानांना आशीर्वाद आणि थोरांना जयभीम सांग, आपल्याहून थोर कोणी शिल्लक असेल तर.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू चष्मा काढून ठेवला असशील, आणि थोड्या वेळाने परत लावला असशील. सव्वीस वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. ठाकुर्लीच्या पुढचं स्टेशन कल्याण, आणि मी तिथे पोस्टाने पत्र पाठवतोय. काल तिकीट घेताना पोस्टातल्या बाईंनी कुठे पाठवायचं म्हणून विचारलं, मी कल्याण म्हटल्यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. फोन केला असता, पण तू उचलला नसतास. लिहिलेलं मात्र तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस, भज्यांचा कागदसुद्धा, हे मला पक्कं माहीत आहे.

तर कामाचं असं, की माझी सून रचना (बँकेत आहे, हुशार आहे, माझ्यावर गेलेली नाही) हिला एक नाद लागलाय. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. तो कोणीही लिहायचा आणि कोणीही खोडायचा. मानधन नाही, शाल नाही, जेवणसुद्धा घरी येऊन (म्हणजे आपल्या गायन पार्टीसारखंच की रे). त्यात तिने आपल्या शांताबाईंचं पान तयार केलं. ज्या बाईंचा आवाज माइक बंद पडला तरी तीन चाळी ओलांडून जायचा, त्यांच्यावर जगात एकूण आठ ओळी, आणि त्याही आमच्या रचनाने लिहिलेल्या! लगेच कुणा सद्गृहस्थाने वर पाटी लावली, की दोन छापील संदर्भ द्या, नाहीतर पंधरा दिवसांत पान काढून टाकू. शिवाय प्रत्येक ओळीपुढे कंसात ‘संदर्भ हवा’. जन्म, संदर्भ हवा. आवाज पहाडी, संदर्भ हवा. (आता आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तरी तुझी कांतावहिनी ‘संदर्भ हवा’ म्हणते.) रचना संध्याकाळी त्या पाटीकडे बघत नुसती बसली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, पोरी, तू बँक सांभाळ, संदर्भ मी आणतो. आज सहावा दिवस, नऊ उरलेत.

आधी शाळेत गेलो. जुनं रजिस्टर निघालं, त्यात शांताबाईंची जन्मतारीख एक जून. आनंद झाला. मग वरची ओळ वाचली, तिथेही एक जून. खालची ओळ, एक जून. गुरुजींनी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला होता. क्लार्क म्हणाला, “काका, शाळेचा शिक्का मारून देतो, अजून काय पायजे तुम्हाला?” मी शिक्का घेतला नाही. खरं काय ते शोधायला निघालो होतो ना! (हे वाक्य वाचून तू हसलास ते मला इथे ऐकू आलं.)

मग बाळकुमला, शांताबाईंच्या मुलाकडे. तुला आठवतं, तिथे कार्यक्रमाला जायचो तेव्हा बांधावरून चालताना तू ढोलकी डोक्यावर घ्यायचास, चिखलात पडलो तर मी पडेन, ती पडता कामा नये म्हणून? तिथे आता टॉवर आहेत. गेटवरच्या वॉचमनने “काम क्या है?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, जन्माची तारीख तपासायची आहे. त्याने मला आरोग्य खात्याचा माणूस ठरवून वहीत ‘डोस’ असं लिहिलं आणि चोविसाव्या मजल्यावर सोडलं.

शांताबाई पार पांढऱ्या झाल्यात रे, पण हसल्या आणि मला एकदम सगळी पार्टी दिसली. निळी झालर, सतरंजी, माझी पेटी, आणि ढोलकी शेकतो सांगून चहावाल्याच्या शेगडीपाशी गेलेला तू, ढोलकी बाजूला ठेवून चहा पीत बसलेला. आमचं बोलणं दोन तास चाललं. जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, “अरे चांगदेव, मला काय विचारतोस? मी तेव्हा केवढीशी होते!” आई सांगायची म्हणे, ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसची दुसरी पाळी सुटली आणि तू पहिल्यांदा रडलीस. वार नाही, साल नाही, पाळी तेवढी नक्की. (रचना म्हणते, हेही चालणार नाही. स्वतःच्या जन्माबाबत माणूस स्वतः विश्वसनीय नसतो.)

शेवटी विचारलं, तुम्ही पहिल्यांदा गायलात ते कुठे? त्या म्हणाल्या, “चांगदेव सांगेल ते लिही म्हणावं सुनेला. त्याला सगळं पाठ असतं.” आणि माझ्या हातावर शेंगदाण्याची चिक्की ठेवली. ती मी खिशातून तशीच घरी आणली.

घरी रचना दारातच उभी. “बाबा, एक संदर्भ मिळाला! छापील!” तिच्या हातात आपल्या उत्सव मंडळाची १९९९ ची स्मरणिका. पान चौदा: ‘शांताबाई सर्वप्रथम गायल्या त्या ठाकुर्लीच्या मंचावर. त्यांना मंचावर आणण्याचं भाग्य प्रस्तुत लेखकाला लाभलं.’ प्रस्तुत लेखक कोण, ते तुला सांगायला नको. लेखाखाली मी विनयाने फक्त ‘एक रसिक’ असं लिहिलं होतं, त्यामुळे रचनाला अजून पत्ता नाही. तिने ते वाक्य ज्ञानकोशात टाकलं, पुढे आकडा लावला, खाली स्मरणिकेचं नाव दिलं, आणि माझं म्हणणं जगासाठी सिद्ध झालं.

त्या स्मरणिकेच्या प्रकाशनाला तू भर सभेत उभा राहिला होतास. “हे खोटं आहे. ती पहिल्यांदा कोपरला गायली. माझ्याकडे कात्रण आहे.” मी म्हणालो, दाखव. तू म्हणालास, “तू खरं बोल, मग दाखवीन,” आणि ढोलकी उचलून चालता झालास. त्यानंतर पार्टीत सुमित ढोलकीला बसला. तो हात छान हलवायचा. पार्टी दोन वर्षांत मोडली.

आता दुसरा संदर्भ फक्त तुझ्या वहीत आहे. कल्याणच्या साप्ताहिकातलं १९७६ चं कात्रण, ज्यात तुझा अर्धाच चेहरा आणि पूर्ण ढोलकी आली होती. ते पाठव. फक्त एक कर. वरच्या बाजूला कोपरचं नाव आहे, तेवढी पट्टी कात्रीने काढता आली तर पाहा. खाली शांताबाईंचं नाव आहे, काम भागेल. वहिनींना जयभीम. उत्तर लवकर दे.

तुझा,
चांगदेव

ता. क. पट्टी कापू नकोस. वरचं वाक्य लिहून चहा प्यायला उठलो, आणि कप तसाच ठेवून परत लिहायला बसलो. कोपरला माझा घसा बसला होता असं मी आयुष्यभर सांगत आलो. घसा ठणठणीत होता. समोरच्या पार्टीच्या दौलतने सवाल टाकला, माझी पाळी आली आणि डोक्यातून पहिली ओळच गेली. पाणी पिऊन येतो म्हणून उठलो आणि मंडपामागे हातगाडीच्या आड जाऊन बसलो. आपल्याला पाणी देत फिरणाऱ्या शांताबाईंनी जरा वाट पाहिली, भांडं खाली ठेवलं, माइकपाशी आल्या आणि जवाब दिला. तू ठेका तुटू दिला नाहीस. मी मागून सगळं ऐकलं, आनंदा. तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. लोक वन्समोअर ओरडत होते आणि मी हातगाडीमागे रडत होतो. गाणं संपवून त्या हातगाडीमागे येऊन काय म्हणाल्या माहीत आहे? “चांगदेव, चल, पुढचं तू म्हण.”

ता. क. २ (सोमवार). बक्षिसाचा तांब्या आठवतो? कोपरच्या मंडळाने नाव आधीच घालून आणलं होतं: ‘उत्कृष्ट गायक चांगदेव’, खाली कोपर आणि तारीख. एकोणपन्नास वर्षं तो आमच्या फळीवर नावाची बाजू भिंतीकडे करून उभा आहे. रचनाच्या हाती लागला असता तर कोपरला मीच गायलो याचाही पुरावा झाला असता! आज सकाळी भांड्यांच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, “घातलेलं नाव खोडता येत नाही काका, खाली जागा आहे, तिथे काय घालायचं ते सांगा.” मी घालून घेतलं: ‘पण गायल्या शांताबाई’. येत्या रविवारी तांब्या बाळकुमला पोचवायचा आहे. एकट्याने जायचा धीर होत नाही. (वॉचमन पुन्हा डोस लिहील.) तू चल.

ता. क. ३ (सोमवार, संध्याकाळ). रचनाला सगळं सांगून टाकलं. तिने आधी मला चहा दिला, मग स्मरणिकेचा संदर्भ खोडला. म्हणजे शांताबाईंच्या पानाला आता एकही संदर्भ नाही, आणि आठ दिवस उरलेत. मी खरं बोललो, आनंदा. आता दाखव.