आधी समोरच्याला करू द्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबरेने परवानगी दिली तितकाच वाकलो आहे, उरलेला मनाने.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायचा नाही असं बजावलंय म्हणून तू आता फक्त उतरतेस, असं भावोजींनी कळवलं. उतरल्यावर परत वर कशी जातेस, ते मात्र त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांना कानाचं यंत्र मिळाल्याबद्दल अभिनंदन, आणि ते यंत्र ते कपाटात ठेवतात असं कळलं, त्याबद्दल जास्तच अभिनंदन. इकडे आम्ही ठीक. हिची तब्येत आता अगदी उत्तम आहे, म्हणजे माझ्यावर ओरडताना मध्ये थांबावं लागत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तर ताई, फोनवर तू माझं पहिलं वाक्य संपायच्या आत हसायला लागतेस, आणि दुसरं संपायच्या आत भावोजींना हाक मारून मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावतेस. यावेळी विषय गंभीर आहे. पत्र वाचतानाही तू हसशीलच, पण निदान मला ते ऐकू येणार नाही.

विषय तुला ठाऊकच आहे. येत्या रविवारी सूनबाई घरी येतायत. पहिल्यांदा. चिरंजीवांचं लग्न तिकडे परदेशातच रजिस्टर पद्धतीने झालं, त्याच सुमारास हिचं ऑपरेशन निघालं आणि आपल्यापैकी कुणालाच जाता आलं नाही. आजवर ती आम्हाला फक्त फोनच्या पडद्यावर भेटली आहे, आणि तीही बहुतेक वेळा भुवयांपासून वर. पहिल्या व्हिडिओ कॉलला मी उत्साहाच्या भरात तिला दोन्ही हात हलवून दाखवले. फोन त्यातल्याच एका हातात होता. त्यामुळे सासऱ्याच्या आधी तिला छत दिसलं, मग पंखा, आणि मग बराच वेळ सोफ्याची खालची बाजू. (हिची हरवलेली चप्पल तिथे होती. ती सूनबाईंनीच दाखवून दिली, तेव्हा कॉल अगदीच फुकट गेला असं म्हणता येणार नाही.) तेव्हापासून हिने मला ताकीद दिली आहे की पहिली भेट माणसाला जन्मभर लक्षात राहते, तेव्हा विमानतळावर काहीही वेंधळेपणा चालणार नाही. आता मी काय मुद्दाम वेंधळेपणा करतो का? तो माझ्या हातून आपोआप होतो, जशी इतरांच्या हातून प्रगती होते.

बरं, मी चिरंजीवांना सरळ विचारलं, की बाबा रे, तुझ्या बायकोच्या देशात पहिल्या भेटीत काय करतात? तर म्हणाला, "काही नाही बाबा, नॉर्मल." आता नॉर्मल म्हणजे हात मिळवणं, मिठी, गालाला गाल, की लांबूनच हसणं, हे पुन्हा विचारायची सोय नाही. आपल्या बापाला सगळं कळतं असा त्या पोराचा लहानपणापासून समज आहे. मी तो इतकी वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपलाय.

अशा अवस्थेत असताना आमच्या मोठ्या बाईंनी (म्हणजे मुख्याध्यापिकांनी, उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात) शिक्षकांच्या खोलीत विचारलं, की परदेशी मुलांचा एक गट शाळा बघायला येतोय, त्याआधी नववीच्या वर्गाला जगभरच्या अभिवादनाच्या पद्धती आणि शिष्टाचार कोण शिकवेल? सगळे शिक्षक एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. मी हात वर केला. गणिताच्या मास्तराने हात वर केलेला बघून मोठ्या बाईंनी दोनदा विचारलं, की पंखा बंद करायला सांगताय का. पण माझा हिशोब सरळ होता. शाळेच्या वेळात, शाळेच्या ग्रंथालयातून, सूनबाईंच्या स्वागताचा अभ्यास होईल आणि वर मोठेपणाही मिळेल. आयत्या बिळावर नागोबा.

तुला सांगतो ताई, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना अभिवादन शिकवणं म्हणजे मांजराला रांगेत उभं राहायला शिकवणं. मी पहिला प्रश्न टाकला, तुम्ही एकमेकांना भेटल्यावर काय करता? मग मागच्या बाकावरचा उंट (हे नाव मुलांनी ठेवलंय, मी फक्त वापरतो) उठून म्हणाला, "काही नाही सर. तो दिसला की मी म्हणतो काय रे, आणि तो म्हणतो काही नाही रे." मी म्हटलं, मग पुढे? म्हणे पुढे काही नाही, झालं. मुलींचं विचारलं तर कळलं की त्या एकमेकींना बघून किंचाळतात, जरी मधल्या सुट्टीच्या आधी शेजारी-शेजारी बसलेल्या असल्या तरी.

मग मी जपानी पद्धतीने कमरेतून वाकून दाखवलं. पाठ सरळ, हात मांड्यांशी, नजर खाली, सगळं पुस्तकात होतं तसं. फक्त माझ्या शर्टाच्या खिशाला हा प्रकार नवा होता. पेन, बसचा पास, खोकल्याच्या गोळ्या आणि चष्म्याचे सुटे स्क्रू असं सगळं पहिल्या बाकापर्यंत घरंगळत गेलं. तिथे आमच्या वर्गाच्या वकीलबाई बसतात. (कुठल्याही विधानावर हरकत घेतात म्हणून हे नाव.) त्यांनी एक गोळी उचलून विचारलं, की सर, खिशातलं समोरच्याला अर्पण करणं हा त्या प्रथेचा भाग आहे का? न्यूझीलंडचे माओरी लोक नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावतात हे सांगितलं, तर त्यांची पुढची हरकत तयार होती: सर्दी असेल तर? मी म्हटलं, ते बघू. गेली तीस वर्षं गणितात मी "ते बघू" कधी म्हटलं नव्हतं, तिथे उत्तर शेवटच्या पानावर असतं.

खरी पंचाईत फ्रेंच पद्धतीची. गालाला गाल लावायचा, पण आधी उजवा की डावा, हे दाखवायला समोर कुणीतरी हवं. मुलांना पुढे बोलावणं बरं दिसेना. तेव्हा मी शिपाईमामांना सांगून प्रयोगशाळेतला सांगाडा चाकांवरून ढकलत वर्गात आणवला. पहिला गाल व्यवस्थित झाला. दुसऱ्या गालाला माझ्या चष्म्याची काडी सांगाड्याच्या जबड्यात अडकली. मी सोडवायला जातोय तर त्याचा हात सुटून माझ्या खांद्यावर पडला, आणि आम्ही दोघं बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या जिवलग मित्रांसारखे गळ्यात गळा घालून उभे असताना मोठ्या बाई वर्गाची पाहणी करायला आल्या. त्या नुसतं "चालू द्या" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून शिपाईमामा मला बघितलं की सांगाड्याच्या वतीने विचारपूस करतात.

शेवटच्या तासाला वकीलबाईंनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. येणारी मुलं एकाच शाळेची असली तरी वेगवेगळ्या देशांतली आहेत, मग समोरचा कुठला हे कळणार कसं, आणि कळलं नाही तर करायचं काय? ताई, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वर्ग माझ्याकडे आशेने बघत होता. मला स्फूर्ती आली. (हा माझा जुना आजार.) मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: घाई करू नका. आधी समोरच्याला करू द्या. तो करील तसंच तुम्ही करा. खाली दोन रेघा ओढल्या. सगळ्यांनी उतरवून घेतलं, वकीलबाईंनीसुद्धा, तेही हरकत न घेता. मी इतका खूश झालो की घरी येऊन हिला सांगितलं, रविवारची चिंता मिटली. मी शांतपणे उभा राहणार, सूनबाई जे करतील ते मी करणार.

पाहुणे आले तो दिवस. आमची मुलं व्हरांड्यात भिंतीला धरून रांगेत उभी, इस्त्रीचे कपडे, केसांना पाणी. पाहुणी मुलं बसमधून उतरली आणि शिस्तीत समोर दुसरी रांग करून उभी राहिली. माझ्यासमोर त्यांचे सर, माझ्याच वयाचे, तितकेच टकले. आमच्यातल्या प्रत्येकाने समोरच्याकडे बघून स्मित केलं. त्यांनीही केलं. आणि मग काहीच झालं नाही. आम्ही थांबलो. तेही थांबले. स्मित हळूहळू सुकायला लागलं तरी कुणी हलेना. मोठ्या बाई पुष्पगुच्छ घेऊन बाजूला उभ्या होत्या, त्या एकदा माझ्याकडे बघत, एकदा गुच्छाकडे, जणू दोघांतलं आधी कोण कोमेजतंय ते ठरवत होत्या.

तेवढ्यात उंटाचं नाक खाजलं. त्याने खाजवलं. समोरच्या मुलाने ताबडतोब आपलं नाक खाजवलं, त्याच्या शेजारच्याने त्याचं, आणि ते बघून आमच्या मुलांना वाटलं की हीच ती पाहुण्यांची पद्धत. बघता बघता दोन्ही रांगा अदबीने नाकं खाजवायला लागल्या. मग पलीकडच्या एका मुलीने मोजा वर ओढला. सगळा व्हरांडा मोजे ओढायला वाकला. मला राहवेना, मी सवयीने चष्मा वर सरकवला, तर समोरच्या सरांनी मान तुकवून नाकावरून बोट वर नेलं. त्यांना चष्मा नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (नंतर त्यांनीच दुभाष्याकडून कबूल केलं: त्यांनीही फळ्यावर हेच लिहिलं होतं. रेघा तीन ओढल्या होत्या.)

शेवटी वकीलबाईंचा धीर सुटला. "सर, असं तर संध्याकाळ होईल," असं मोठ्याने म्हणून त्या रांग मोडून पुढे गेल्या आणि समोरच्या मुलीपुढे हात केला. त्याच क्षणी तिने गालाला गाल लावायला मान पुढे घातली. दोघींची डोकी अशी आपटली की आवाज माझ्यापर्यंत आला. दोघी कपाळ धरून कळवळल्या, एकमेकींकडे बघितलं, आणि जे हसत सुटल्या ते खाली बसेपर्यंत. मग कसली रांग आणि कसली पद्धत! कुणी हात मिळवतंय, कुणी वाकतंय, कुणी चुकीचा गाल पुढे करतंय. थोड्या वेळाने बघतो तर उंट एका परक्या पोराला "काय रे" म्हणतोय आणि तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणतोय, जे नक्की "काही नाही रे"च होतं. मोठ्या बाईंनी घाईघाईत पुष्पगुच्छ माझ्याच हातात दिला. जाताना म्हणाल्या, "सर, तुम्ही गणितच चांगलं शिकवता." गणिताबद्दल त्या याआधी कधी चांगलं बोलल्या नव्हत्या.

हे सगळं मी हिला रंगवून सांगितलं, पण ही हसली नाही. म्हणाली, "म्हणजे रविवारी तुम्ही दोघं नाकं खाजवत उभे राहणार." मी म्हटलं, छे, सूनबाई तरुण आहे, धीट आहे, ती करेल सुरुवात. तेवढ्यात चिरंजीवांचा फोन. म्हणाला, बाबा, ती फार घाबरली आहे, रोज आरशासमोर उभी राहून सराव करते. आईची नाही, तुमचीच भीती वाटते म्हणते. ताई, तिला वडील नाहीत. ती अगदी लहान असताना गेले. वडील या माणसाला भेटल्यावर काय करतात, ते तिला माहीतच नाही. चिरंजीव पुढे म्हणाला, "पण मी तिला सांगितलंय, काळजी करू नकोस, बाबा शाळेत हेच शिकवतात. ते करतील तसं कर."

फोन ठेवला आणि मी मनात हिशोब मांडला. तिला बाप माहीत नाही, मला मुलगी माहीत नाही, आणि दोघांनाही एकच नियम पढवलेला. मला मनापासून वाटतं गं, की ती आली की तिला वाटावं, आले आपल्या घरी. पण वाटणं आतल्या आत राहतं आणि बाहेर मी खांबासारखा उभा दिसतो. हे तुला ठाऊक आहे, हिलाही ठाऊक आहे. त्या पोरीला कसं ठाऊक असणार?

असो. बाकी सगळं क्षेम. भावोजींना नमस्कार सांग (यंत्र कानात घालून). गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघ्याला जप म्हटलं खरं, पण रविवारी तू ये. विमानतळावर सरकता जिना आहे, चढावं लागत नाही. ही लग्न होऊन घरी आली तेव्हा उंबरठ्यात रडवेली उभी होती आणि मी शेजारी घड्याळ बघत होतो. तू सरळ येऊन तिच्या हातातली बॅग काढून घेतलीस आणि तिला कुशीत घेतलंस. ही अजून ते सांगते. तेव्हा यावेळीही तू पुढे हो आणि सूनबाईला जवळ घे. मी तुझ्या मागे उभा राहीन आणि तू करशील तसं करीन.

ता. क. दुसरी. वरची ता. क. हिने वाचली. वाचून नुसतं नाक खाजवलं.

ता. क. तिसरी आणि खरी. वरचं रद्द समज. तू ये, पण माझ्या पुढे उभी राहू नकोस, मागे उभी राहा. दारातून ती दिसली आणि मी जागचा हललो नाही, तर ढकल. हलक्या हाताने नको. लहानपणी पोहायला शिकवताना तळ्यात ढकललं होतंस ना, तसं. तेव्हा मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो, पण पोहायला आलं.