डाव्या हाताची नाडी

अण्णा, गेल्या आठवड्यात आईचं हृदय पुण्याला पोचलं, आणि आई तेव्हा भुकूमच्या दवाखान्यात खाटेवर पडून पंख्यावरची धूळ बघत होती. तुम्ही असतात तर पोटच्या पोराला म्हणाला असतात, मास्तर, पोरांना संस्कृत शिकवता शिकवता तुम्हीच अद्भुत रसात बुडालात. बुडालोय खरा. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी असं काही घडलं की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं. कासार आंबोलीत नाडी बघणारे तुम्ही एकटे, तेव्हा या प्रकाराची थट्टा करायचा पहिला हक्क तुमचा.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आई चुलीपुढे बसली आहे, उजव्या हाताने भाकरीचं पीठ मळते आहे, आणि तिचा डावा हात तुम्ही माझ्यापुढे धरला आहे. बाईची डाव्या हाताची, पुरुषाची उजव्या हाताची, आणि बघताना कुणी बोलायचं नाही. साप सरपटला तर वात, बेडूक उडाला तर पित्त, हंस चालला तर कफ, असं तुमचं तीन बोटांखालचं प्राणिसंग्रहालय. मी जोर लावून मनगट दाबलं आणि घोडा पळतोय म्हणून जाहीर केलं. तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत. "अंगठा काढ आधी. त्यालाही ठोका असतो. स्वतःचीच नाडी बघतोयस तू." आई हसली. मग तुम्ही तीन बोटं ठेवलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "पित्त."

तुमचं ते निदान आईने आजतागायत सांभाळलंय. छातीत जळजळलं, पाठ भरून आली, हात जड झाला, सगळं पित्त. त्या दिवशी सकाळी ती घामाने निथळत मोरीपाशी बसली, तेव्हाही म्हणाली, "पित्त आहे रे, मोरावळा दे." मी शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली. भुकूमची डॉक्टरीण माझी विद्यार्थिनी शोभेल एवढ्या वयाची. तिच्या टेबलावर हृदयाचा आलेख काढणारं, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्याच्यातून एक वायर लॅपटॉपला, लॅपटॉपला इंटरनेटचं कार्ड, आणि त्या कार्डाच्या पलीकडे पुण्यातले हृदयाचे डॉक्टर. ती हातापायांना चिमटे लावायला आली, तर आईने फक्त डावा हात पुढे केला आणि ओठ मिटून घेतले.

"आजी, चारही लागतील."

"ह्यांना एक पुरायचा," आई म्हणाली.

चिमटे लागले, पण कार्डाला रेंज मिळेना. बाहेरच्या बाकावर इंजेक्शनसाठी थांबलेल्या एक मावशी आत डोकावल्या. "बाई, हितं न्हाई यायची. खिडकीत धरा. आमच्या मालकांची पट्टी तितनंच गेली व्हती." एवढं सांगून त्यांनी लांब वायरीवरचं ते कार्ड घेतलं आणि गजातून हात बाहेर काढून उभ्या राहिल्या. अण्णा, पडद्यावर ना साप होता, ना बेडूक. मुळशीच्या डोंगरांची ओळ होती, एकामागून एक सरकणारी, आणि ते सगळे डोंगर त्या माउलीच्या मुठीतून पुण्याला चालले होते. आई अशी पडलेली असताना मला इतकं हरखून जायला नको होतं. पण गेलो.

लगेच पुण्याच्या डॉक्टरांचा फोन आला. हार्ट अटॅक आहे, ताबडतोब हलवा, मी तयारीत थांबतो. डॉक्टरणीने आईला चघळायला गोळी दिली. आईने गोळी चघळली, पण उठेना.

"मला न बघता कसं सांगितलं त्यांनी? पित्त आहे मला. ह्यांनी सांगितलंय."

"कधी, आजी?"

"हा एवढासा होता तेव्हा."

पोरगी हसली नाही. शिक्षण आयुर्वेदाचंच तिचं. ती खाटेच्या कडेला टेकली आणि आईच्या डाव्या मनगटावर तिने तीन बोटं ठेवली. कुणी बोललं नाही. खिडकीतल्या मावशीसुद्धा हात बाहेर ठेवून गप्प. "पित्त तेव्हाचं होतं, आजी," ती म्हणाली, "आजचं हे वेगळं आहे. आजोबांनीही आज गाडीच मागवली असती." आईने माझ्याकडे बघितलं. "चल मग. चप्पल कुठे माझी?"

आम्ही चांदणी चौकात ट्रकमागे अडकलो होतो आणि आईचं हृदय आमच्या आधी पोचून डॉक्टरांपुढे हजर होतं. दारात खुर्ची तयार होती, काय होतंय म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यांनी हृदयाची बंद पडलेली वाट मोकळी केली. काल ती घरी आली, आणि आल्या आल्या माझ्या चहाला नावं ठेवली.

हे पत्र घडी करून तुमच्या खलात ठेवतोय, कारण तुमच्याकडे कुठल्याच खिडकीतून रेंज येत नाही. एक तेवढं राहिलं. गाडीत वाटभर मी आईचं डावं मनगट धरून होतो. घोडा पळत होता, चांगला दणदणीत, आणि मला धीर येत होता. चौकात सहज खाली बघितलं, तर तिच्या मनगटावर माझा अंगठा. तुमचं बोलणं आठवलं, अण्णा, तरी काढला नाही. तीन बोटं ठेवली असती आणि त्यांच्याखाली काहीच लागलं नसतं तर.