प्रिन्सिपल मॅडमविरुद्ध

३ जुलै
तन्वीला स्पीच थेरपीला नेलं. पाच वर्षांची झाली, दोन शब्दांपुढे जात नाही. थेरपिस्टनी विचारलं, घरी कुठली भाषा? म्हटलं, इंग्लिश. माझं तोडकंमोडकं. शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलेलं, गावठी बोली बंद करा, त्यानेच मुलगी अडकते. दीड वर्ष झालं.
थेरपिस्ट म्हणाल्या, "घरची भाषा बंद करून फायदा नसतो. उलट तिचं ऐकणं-बोलणंच कमी झालं."
त्या मॅडमना मी पेढे दिले होते.

४ जुलै
सासूबाईंना सांगितलं. दीड वर्ष नातीसमोर तोंड मिटून बसल्या. कोळंबी सोलता सोलता विचारलं, "मंग आता मी बोलू तिच्याशी? बाई रागवनार नाय?"
सोडणार नाही मॅडमला.

९ जुलै
शाळेची जुनी डायरी सापडली. मॅडमचं अक्षर, खाली सही: 'आजीशी बोलणं कमी ठेवा.' फोटो काढले. वर्गातल्या अजून दोघींच्या आयांना हेच सांगितलंय. दोघी आया सही देतील. शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. तीनदा. लिहिताना बरं वाटतं.
नवरा म्हणाला, "शाळा बदलू, विषय संपव." म्हटलं, तुझ्या आईचं दीड वर्ष कोण देणार?

१८ जुलै
थेरपिस्टना वर्गात बसून तन्वीला बघायचंय, टीचरना काही गोष्टी दाखवायच्यात. परवानगी देणार कोण, तर ती मॅडमच. थेरपिस्टना अर्ज दाखवला. म्हणाल्या, "तक्रार करू नका म्हणणार नाही. पण तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा."
तिला खुर्चीवरून उतरलेली बघायचंय. हे बोलले नाही.

२२ जुलै
शाळेत गेले. डायरी टेबलावर उघडून ठेवली. मॅडमनी वाचली, बाजूला सरकवली. "मी चांगल्यासाठीच सांगितलं. परवानगी देते. पण हे इथेच संपवू."
सॉरी नाही. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

२४ जुलै
तन्वी सासूबाईंना म्हणाली, "आजी, मना पानी दे." चार शब्द. सासूबाई हातातलं टाकून उठल्या. मला आनंद झाला, आणि लगेच डोकं फिरलं. हे केव्हाच ऐकायला मिळालं असतं.
दोघी आयांना फोन लावला, सोमवारी अर्ज द्यायला चला. एक हो म्हणाली. दुसरी उचलत नाही.
थेरपिस्ट पहिल्यांदा वर्गात बसणार, तेही त्याच सोमवारी.