सिनेमातल्या मयतीला रडलेली आई

आई, काल मी तुला सातवीच्या वर्गात पिक्चरमधली दाखवलं. तू असतीस तर "ते रडकं तोंड पोरांला काय दाखवतीस" म्हणून नकोच म्हणाली असतीस, हे मला माहीत आहे. पण आमच्या वडगावच्या शाळेत शनिवारी दप्तर नसतं, काहीतरी वेगळं शिकवायचं असतं, आणि मागच्याच आठवड्यात अर्धा वर्ग आईबापांचं डोकं खाऊन बारामतीला नवा पिक्चर बघून आला होता. सोमवारी सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. ट्रेलरमधली फाईट पिक्चरमध्ये नव्हतीच. "मॅडम, ह्यो सरळसरळ धोका हाय," मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. मी ठरवलं, पिक्चर बनवतात कसा आणि विकतात कसा, हे यांना एकदा उलगडून दाखवायचंच. आणि आतून बाहेरून मला माहीत असलेला पिक्चर एकच होता, तुझा.

खरं सांगते, भीती वाटत होती. तुझे फोटो आहेत तीन-चार, पण सगळ्यांत तू तलाठ्यासमोर उभी असल्यासारखी ताठ. हलती तू फक्त त्या पिक्चरमध्ये, पदर तोंडाशी धरून रडताना, तीही डोळ्यांचं पातं लवेपर्यंत. तू गेल्यापासून मी तेवढंच पुन्हा पुन्हा बघत आलेय. तेही वर्गात उसवून ठेवलं, तर माझ्या हाताशी तुझं काय उरणार, असं सारखं वाटत होतं.

तरी बोलायला लागले आणि मग थांबवेना. आपल्या गावी कन्हेरीत, आपल्या वांग्यांशेजारच्या वावरात शूटिंग आलं, तेव्हा मी या मुलांएवढीच होते. माझ्या बापाला, अण्णांना, जाऊन वर्ष झालं होतं. अण्णांच्या वेळी तू रडली नव्हतीस. आल्यागेल्याचा चहा, वांग्यांची तोडणी, मार्केटची गाडी, यात सवडच कुठं होती, असं तूच सांगायचीस. तर पिक्चरमध्ये हिरोचा बाप मरतो, त्याच्याभोवती रडायला बाया हव्यात, म्हणून तुम्हा गावातल्या बायांना बोलावलं. रडायचं कसं, हे तुम्हाला शिकवायची गरज नव्हती. कट म्हटल्यावर थांबायचं, हे मात्र कुणी सांगितलंच नाही. डायरेक्टर घसा फोडून कट कट ओरडतोय आणि तुमचा सूर उलट चढतोय. शेवटी मढंच उठून बसलं आणि चहा मागायला लागलं, तर शेजारच्या काकूनं त्याला खांद्याला धरून परत आडवं केलं. "झोप रं गप. अजून तोंडात पानी घालायचं ऱ्हायलंय." हे सांगताना मुलं बाकावरून घसरायचीच बाकी होती.

मग आंघोळीचं सांगितलं. शूटिंगवरून आल्यावर तू दारातच उभी राहिलीस आणि मला पाण्याची बादली बाहेर आणायला लावलीस. मी म्हणाले, "अगं, तो मेलाच नव्हता." तू म्हणालीस, "त्यो मेला नसंल. म्या रडले न्हवं? मयतीवरनं आल्याव तसंच घरात शिरायचं व्हय?" तू डोक्यावर पाणी घेत होतीस, तेव्हा मी हळूच विचारलं, अण्णांची आठवण आली का. "छ्या गं. माझ्या माहेरची म्हस आठिवली. लोणी देवकरला व्हती, कपाळाव चांद व्हता तिच्या. म्या ल्हान व्हते तवाच मेली." मला इतकं हसू आलं, की जेवतानाही येत होतं.

एवढं झाल्यावर मुलांना फोनवर आधी त्या पिक्चरची जुनी जाहिरात दाखवली. तीत हिरोइन सजवलेल्या गाडीत बसून सासरी निघते आणि तिला निरोप द्यायला तू रडतेस. टीव्हीवर हे पहिल्यांदा लागलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "ही कोण भवानी? हिला तर म्या बघितली बी न्हाय." मग पिक्चरमधली मयत दाखवली. तोच पदर, तेच रडणं. मुलांच्या लगेच लक्षात आलं. "मॅडम, एकच रडणं दोन ठिकाणी खपवलं." मी आवाज बंद करून दाखवलं, तर कुणालाच वाईट वाटेना, पुन्हा संगीत लावलं, तर पुढच्या बाकावरची एक डोळे पुसायला लागली. मागच्या बाकावरचा म्हणाला, "खिचडी संपली तितं लावलं तरी चालंल की हे." मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, हे कोण सांगतंय, आणि आपण खरं मानलं तर त्याला काय मिळणार? कुठलीही जाहिरात बघितली, की आधी एवढं विचारायचं. फारच छान शिकवलं, असं माझं मलाच वाटत होतं.

तेवढ्यात एका मुलीनं हात वर केला. एरवी ती हजेरीला सोडून तोंड उघडत नाही. "मॅडम, मग तुमच्या आई खऱ्या कशासाठी रडत व्हत्या?" मी म्हटलं, सांगितलं ना, म्हशीसाठी. तिनं फळ्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "पण म्हशीचं सांगितलं कुणी? त्यांनीच ना? मग आपण खरं मानलं तर त्यांना काय मिळणार?"

आई, मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. तुला काय मिळणार होतं? बाप गेलेली एक पोरगी त्या दिवशी हसत जेवणार होती आणि निवांत झोपणार होती. मिळालंच की तुला ते. एवढी वर्षं सगळ्या जगाच्या जाहिरातींवर शंका घेत आले, पण तुझ्या म्हशीवर कधी घेतली नाही. आधी तुझा राग आला, मला का नाही सांगितलंस म्हणून. मागोमाग तुझी इतकी माया दाटून आली की मला वर्गाकडं वळता येईना. वर्षभर तुंबलेलं रडणं तू एका परक्या माणसाच्या खोट्या मयतीत बसून रडून घेतलंस, कारण तिथं कुणी विचारणार नव्हतं.

हे पत्र कुठं पाठवणार? पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण तू वाचून लगेच म्हणाली असतीस, म्हसच व्हती. आणि तुझ्यापासून काय लपवायचं, मुलांनाही मी शेवटी तेच ठासून सांगितलं, म्हैसच होती म्हणून. वर्गातल्या एकानंही विश्वास ठेवला नाही.