आगीचा लाडका

८ जुलै
हेलिकॉप्टर नदीकाठच्या वाळूवर टेकलं आणि मी खुशीत खाली उतरलो. याकुत्स्कच्या कचेरीत दोन वर्षं कागद खरडल्यावर अखेर वणव्यावर नेमणूक मिळाली. तुकडीत तिघंच: म्होरके तेरेन्ती, ज्यांना थोरला भाऊ म्हणून सगळे उबाय म्हणतात, सहा उन्हाळे त्यांच्यासोबत काढलेला मिचिल, आणि मी. वणवा तीन टेकड्यांपलीकडे आहे. उबायनी तव्यावर जाड धिरडी केली. लोणी लावून पहिला घास चुलीतल्या आगीला द्यायला मी हात पुढे केला, पण तो मान मिचिलचा. शहरी पाव्हण्या, तू आधी स्वतःचं पोट भर, असं उबाय म्हणाले.

११ जुलै
दिवसभर आग अडवायची जाळरेषा खणली. शेवाळ ओढायचं, मुळं तोडायची, खालची गोठलेली माती लागेपर्यंत. माझी रेषा मिचिलच्या दुप्पट रुंद, तरी आग माझी ओलांडून आली आणि त्याच्या रेषेपाशी मांजरासारखी बसली. उबायनी सगळ्यांदेखत, म्हणजे माझ्यादेखत, त्याची पाठ थोपटली. तळावर कायमच्या नोकरीची जागा एकच आहे. ती कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. तो धुरातही शीळ घालतो, आणि तीही सुरात.

१३ जुलै
आग तुझंच का ऐकते, असं मिचिलला सरळ विचारलं. तो हसला.
“ऐकत कसली रे. घास द्यायचा आणि गप्प बसायचं. मागितलंस, की मग तीही मागणार.”
गुपित दडवतोय लेकाचा.

१४ जुलै
दोघं पाणी आणायला गेले तेव्हा चुलीशी बसलो. धिरड्यात लोणी आणि माझे केस गुंडाळून आत टाकले. म्हणालो, त्याच्याकडे नको, माझ्याकडे बघ. ज्वाळा सरळ वर जात होती, ती वळून माझ्या बाजूला झुकली. वारा अजिबात नव्हता.

१५ जुलै
आज आग माझ्या रेषेशी थांबली. पाठ माझी थोपटली गेली. मिचिलची शीळ बंद. कित्येक दिवसांत इतकं गोड जेवलो नव्हतो.

१६ जुलै
मी डावीकडे गेलो तर आगही डावीकडे. उजवीकडे वळलो, तीही वळली. वाऱ्याविरुद्ध. उबाय माझ्या खांद्यावर हात ठेवून काही सांगत होते, तेवढ्यात ठिणग्या आल्या, सगळ्या त्याच हातावर. माझ्यावर एकही नाही. त्यांचा हात कोपरापर्यंत भाजलाय.

१७ जुलै
धुरामुळे हेलिकॉप्टर येत नाही. उबाय तापात बरळताहेत. इथे वाळूवर जळायला काडी नाही, तरी मला वाढताना मिचिलच्या बोटांनी पेट घेतला — मी हात लावताच विझली. मग त्याला सगळं सांगून टाकलं. तिला माझ्याजवळ दुसरं कुणी नको आहे.

१८ जुलै
आग नदीपलीकडे उभी आहे. पुढे येत नाही, मागे जात नाही —
मिचिल म्हणाला, “तू उबायपाशी थांब. मी जातो तिच्यासमोर. माझी जुनी ओळख आहे.”
माझ्या पोटात पुन्हा तोच मत्सर पेटला. जुनी ओळख म्हणे. तो पाण्यात उतरला आणि ती — ती त्याच्याकडे झुकली —

मी गुडघाभर पाण्यात आहे. वही हातातच. मिचिल मला मागे खेचतोय, त्याची बाही पेटलीय तरी सोडत नाही — सोड म्हणतो ना — तिनं मला बोलावलंय, तुला नाही, मला —